स्टॉपर जखमी झाला की खिंडार नेमकं कुठे पडतं?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी मला जे समजलं ते थोडक्यात मांडतो. तुमच्या फुटबॉल क्लबचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारा डिफेंडर, चार हंगाम सलग खेळत होता. हेडर मारून खाली येताना त्याचा गुडघा फिरला आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, तुटल्याचं निघालं. तो असताना तुम्ही ७ सामन्यांत ४ गोल खाल्ले होते, तो गेल्यावर ३ सामन्यांत ८. मिडफिल्डमधला सगळ्यांत भरवशाचा मुलगा तुम्ही स्टॉपरला आणलात, राइट बॅकला त्याच्या शेजारी सरकवलंत, तरी गळती थांबेना. लीगचे ५ सामने उरलेत आणि तुम्ही विचारताय की एका डिफेंडरमुळे खरंच एवढा फरक पडतो का, आणि पडत असेल तर त्याच्या जागी कोणाला खेळवू?

फरक पडतो, आणि बराच पडतो. मी स्वतः बारा वर्षं स्टॉपर खेळलो आणि पुढची सतरा वर्षं कोल्हापुरात मुलांना शिकवतोय. त्या अनुभवावरून सांगतो, ‘त्याच्या जागी कोण’ हा प्रश्न नंतरचा आहे. तो मुलगा मैदानावर काय काय करत होता आणि त्यातलं काय आता कोणीच करत नाही, हे आधी शोधा. तुमचा संघ मी पाहिलेला नाही. मैदान केवढं आहे, बेंचवर किती जण आहेत, समोरचे संघ लांब बॉल मारणारे आहेत की पास करत येणारे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तेव्हा माझं म्हणणं आपल्या मैदानावर तपासून घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. या ३ सामन्यांत तुम्ही किती गोल केले? माझा अंदाज आहे की तेही कमी झाले असतील.

हे का विचारतो, ते इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या उदाहरणावरून सांगतो. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध त्यांचा मुख्य स्टॉपर व्हर्जिल व्हान डाइक याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. आदल्या हंगामात ९९ गुण घेऊन लीग जिंकलेला हा संघ त्या वर्षी ६९ गुणांवर थांबला. सगळे म्हणाले, डिफेन्स कोसळला. पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आदल्या वर्षी त्यांनी ३३ गोल खाल्ले होते, या वर्षी ४२. म्हणजे ३८ सामन्यांत ९ जास्त. आणि केलेले गोल? ८५ वरून ६८. खाल्लेले ९ वाढले, केलेले १७ घटले. डिफेंडर जखमी झाला आणि मोठा खड्डा फॉरवर्डच्या खात्यात पडला.

हे कसं झालं, त्यासाठी तारखा बघायला हव्यात. व्हान डाइक गेल्यावर लगेच काही बिघडलं नाही. डिसेंबरात त्यांनी क्रिस्टल पॅलेसला त्यांच्या मैदानावर ७-० हरवलं आणि नाताळात ते लीगमध्ये पहिले होते. मधल्या काळात उरलेले दोन स्टॉपरही गेले: नोव्हेंबरमध्ये जो गोमेझचा गुडघा, जानेवारीच्या शेवटी जोएल मॅटिपचा घोटा. जागा भरायला मिडफिल्डमधून आधी फाबिन्योला मागे ओढलं, नंतर कर्णधार हेंडरसनलाही. हे दोघं त्या संघाचं इंजिन होते. समोरच्याच्या पायातला बॉल काढायचा, फुलबॅक (कडेचा डिफेंडर) वर गेला की त्याची जागा धरायची, सलाह आणि माने या फॉरवर्डना बॉल लवकर पोचवायचा, ही सगळी कामं त्यांची. ते मागे गेले आणि मध्यभागी ती कामं करायला कोणी उरलं नाही.

मग जानेवारी ते मार्चमध्ये लीगचे घरचे सलग सहा सामने ते हरले. बर्नलीविरुद्धच्या पहिल्याच पराभवानं घरच्या मैदानावरची ६८ सामन्यांची अपराजित मालिका तुटली. त्या सहा सामन्यांपैकी चार १-० असे गेले. सहा सामन्यांत मिळून त्यांनी एक गोल केला, तोही पेनल्टीवर. शिवाय हेंडरसन स्टॉपर खेळताना फेब्रुवारीत जखमी झाला, म्हणजे तो मागे नाही आणि मधेही नाही.

आता तुमच्या संघाकडे बघा. एक मुलगा जखमी झाला आणि तुम्ही तीन जागा बदलल्यात. स्टॉपरला नवीन माणूस, मिडफिल्डला नवीन, राइट बॅकला नवीन. एक वीट निसटली म्हणून शेजारच्या दोन काढून तिथे बसवल्यावर भिंतीत दोन भोकं पडणारच.

लिव्हरपूलनं मार्चमध्ये काय केलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. फाबिन्योला परत मिडफिल्डला नेलं. मागे नॅट फिलिप्स आणि कर्जाऊ आणलेला ओझान काबाक, आणि काबाकही जखमी झाल्यावर फिलिप्स आणि रिस विल्यम्स. हा विल्यम्स आदल्या वर्षी इंग्लंडच्या सहाव्या श्रेणीत किडरमिन्स्टरकडून खेळत होता. फिलिप्स वेगानं पळणारा नाही, पण उंच बॉलवर खमक्या. बहुतेक वेळा अशी मांडणी ठेवून शेवटच्या १० सामन्यांत त्यांनी ८ जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि तिसरा क्रमांक गाठला. कच्चा स्टॉपर त्याच्या जागेवर आणि पक्का मिडफिल्डर त्याच्या जागेवर, हे गणित जमलं.

म्हणून माझा पहिला सल्ला: मिडफिल्डच्या मुलाला उद्याच परत मध्ये पाठवा, राइट बॅकला त्याच्या बाजूला. बेंचवर जो दोन नंबरचा स्टॉपर आहे त्याला उतरवा. तुम्ही लिहिलंय की तो ‘हळू आहे आणि घाबरतो’. हळू असला तर त्यावर उपाय आहे, तो खाली सांगतो. आणि घाबरणार नाही तर काय करेल? चार हंगाम त्यानं बेंचवरून सामने पाहिलेत.

या सल्ल्याला एक अपवाद आहे, तो आपल्याच देशातला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वर्ल्ड कप पात्रता फेरीच्या बांगलादेश सामन्याआधी भारताचा स्टॉपर संदेश झिंगन याचा गुडघा सराव सामन्यात गेला. कोलकात्यात त्याच्या जागी गोव्याचा आदिल खान उतरला, मूळचा मिडफिल्डर. भारत ०-१ मागे होता. आदिलनं एक बॉल गोललाइनवरून बाहेर काढला आणि ८८ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधून दिली. मग मिडफिल्डर मागे चालतो की! चालतो, पण आदिल त्या रात्री पहिल्यांदा स्टॉपर खेळत नव्हता, ती जागा त्याच्या अंगवळणी पडली होती. तुमच्या मुलाला तुम्ही किती सराव देऊन मागे उतरवलंत, ते आठवून बघा.

आता दुसरी बाजू. दोन नंबरचा माणूस त्याच जागेवर उतरवला की सगळं ठीक होतं, असंही नाही. २०२२-२३ मध्ये आर्सेनल इंग्लंडच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. त्यांचा स्टॉपर विल्यम सालिबा लीगचे २७ च्या २७ सामने खेळला होता आणि त्यात संघानं २५ गोल खाल्ले होते. मार्चमध्ये त्याची पाठ गेली. रॉब होल्डिंग त्याच जागेवर आला, सरळ अदलाबदल. उरलेल्या ११ सामन्यांत १८ गोल बसले, लीग हातची गेली आणि मँचेस्टर सिटी विजेते झाले. होल्डिंग वाईट खेळाडू नव्हता. पण आर्सेनलची अख्खी मांडणी सालिबाच्या पायांवर उभी होती. बचावाची रेषा जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत वर, पाठीमागे चाळीस मीटर मोकळं रान, आणि तिथे बॉल पडला तर सालिबा धावत जाऊन शांतपणे तो परत खेळात आणणार. तेच काम दुसऱ्या माणसाकडून मागितलं की तो उघडा पडतो.

माझ्याच संघात हे घडलं होतं. आमचा स्टॉपर हंगामाच्या मध्यावर गेला, मी त्याचा बदली उतरवला आणि पहिल्याच सामन्यात तीन गोल बसले. रात्री एका पालकानं मोबाइलवर घेतलेलं चित्रण बघत बसलो. तिन्ही गोल आमच्या डाव्या बाजूनं आले होते, नवीन मुलाच्या जागेवरून एकही नाही. लेफ्ट बॅक जुनाच, चांगला खेळणारा. मग लक्षात आलं की जुना स्टॉपर दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्याकडे बघून डावा हात खाली दाबल्यासारखा करायचा. म्हणजे ‘आत ये, वर जाऊ नकोस’. लेफ्ट बॅकनं पाच वर्षांत हा निर्णय स्वतः कधी घेतलाच नव्हता. हात दिसेनासा झाला आणि तो दर वेळी वर जात राहिला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्याकडे स्टॉपर हातानंच बोलतात. मी त्याचा प्रशिक्षक होतो आणि तो हात मला तो गेल्यावर दिसला.

तुमच्या स्टॉपरची एखादी जुनी क्लिप असेल तर बघा. बॉल त्याच्यापाशी असतानाचा भाग पुढे ढकला. बॉल लांब असताना तो काय करतो तेवढंच बघा. समोरचा गोली किक मारायला धावतो तेव्हा, पाय बॉलला लागायच्या आधीच, तो दोन पावलं मागे सरकतो का? बचावाची लाइन वर काढताना पहिला कोण निघतो? गोलीला ‘ये’ किंवा ‘थांब’ कोण सांगतो? ही यादी कागदावर उतरवा. मग त्यातलं एकेक काम वेगवेगळ्या माणसाला वाटून द्या. सगळं नवीन पोरावर लादू नका. लाइन वर-खाली करायचा आवाज शेजारच्या जुन्या स्टॉपरनं द्यावा, नाहीतर गोलीनं. आमच्याकडे गोलीनं तो भार उचलला आणि त्याचा स्वतःचा खेळही सुधारला, कारण बोलत राहिलेला गोली जागा असतो.

आता नवीन मुलाच्या वेगाबद्दल. लाइन खाली, म्हणजे आपल्या गोलकडे, घ्या. मधल्या रेषेपासून पंधरा मीटरवर उभे राहत असाल तर पंचवीसवर या. पाठीमागची मोकळी जागा कमी झाली की हळू मुलालाही वेळ मिळतो. पण इथे एक चूक हमखास होते, मीही केली आहे. डिफेन्स खाली येतो आणि फॉरवर्ड आपले पूर्वीसारखेच वर जाऊन प्रेस करत, म्हणजे समोरच्यांवर दबाव टाकत राहतात. मग मिडफिल्ड आणि डिफेन्सच्या मधे असा पट्टा उघडतो की समोरचा दहा नंबर (फॉरवर्डच्या मागे खेळणारा मिडफिल्डर) तिथे बॉल घेऊन वळतो, मान वर करून बघतो आणि हवा तिथे पास देतो. डिफेन्स दहा मीटर खाली आला तर फॉरवर्डनंही दहा मीटर खाली यायचं. पुढच्या स्ट्रायकरपासून मागच्या स्टॉपरपर्यंत तीस-पस्तीस मीटर, याच्यावर अंतर गेलं की ओरडायचं. फॉरवर्डना हे आवडत नाही. त्यांना समजावून सांगा की पाच सामन्यांचाच प्रश्न आहे.

सरावात आम्ही दोर वापरतो. घरात असतो तसला साधा नायलॉनचा, आठ-आठ मीटरचे तीन तुकडे. चारही डिफेंडर ओळीत उभे करायचे आणि शेजारच्या दोघांच्या कमरेला एकेक तुकडा सैल बांधायचा. मी बॉल घेऊन डावीकडून उजवीकडे चालत जातो. चौघांनी बॉलबरोबर सरकायचं. दोर ताणला की कोणीतरी मागे राहिलाय, जमिनीला घासायला लागला की कोणीतरी घाईनं आत आलाय. कोणाला ओरडावं लागत नाही, कमरेलाच कळतं. पळायला लावू नका, दोर पायात येईल, चालतच करायचं. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या सरावाला दोर सोडा आणि तेच पुन्हा करा. नवीन मुलगा या सरावातून जेवढा लवकर मिसळतो तेवढा शंभर सूचनांनी मिसळत नाही.

कॉर्नर आणि फ्री किकची वाटणी नव्यानं करा. समोरच्याच्या सगळ्यांत उंच माणसाला आजवर तुमचा स्टॉपर धरत असणार. तो आता कोणाकडे, हे ड्रेसिंग रूममध्ये नाव घेऊन सांगा.

शेवटची पंधरा मिनिटं मात्र वेगळं लक्ष मागतात. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये आशिया कपच्या सीरियाविरुद्धच्या सामन्यात झिंगन पुन्हा जखमी झाला आणि त्याचा क्लब हंगामही संपला. तोपर्यंत लीगमध्ये न हरलेल्या त्याच्या एफसी गोवा क्लबनं फेब्रुवारीत सलग तीन सामने गमावले. त्यातल्या केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात ते हाफटाइमला २-० पुढे होते आणि ४-२ हरले. एप्रिलमध्ये घरच्याच मैदानावर, फातोर्ड्याला, मुंबई सिटीविरुद्ध सेमी फायनलच्या पहिल्या सामन्यात ९० व्या मिनिटापर्यंत २-० पुढे, आणि शेवटी ३-२ नं पराभव. याला एकट्या झिंगनची अनुपस्थिती कारणीभूत होती असं म्हणणं इतरांवर अन्याय होईल. पण पाय जड झाल्यावर, आघाडी हातात असताना, चौघांना ओरडून जागेवर ठेवणारा माणूस अशाच वेळी आठवतो. मी ७५ व्या मिनिटाला एक ताजा मिडफिल्डर फक्त डिफेन्सच्या पुढे उभं राहायला उतरवतो. बदली खेळाडूंपैकी एक त्यासाठी राखूनच ठेवतो.

तुम्ही प्रश्नात शेवटी एका ओळीत विचारलंय की फिजिओथेरपी करून, पट्टा बांधून तो लीगचे शेवटचे दोन सामने खेळू शकेल का. यावर मी फार स्पष्ट आहे. नको. एसीएल तुटलेला गुडघा चालताना, सरळ पळताना ठीक वाटू शकतो. वळताना आणि उडी मारून खाली येताना तो दगा देतो, आणि स्टॉपरचं निम्मं काम तेच असतं. ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने धरून चला, कधी त्याहून जास्त. व्हान डाइकच्या मागे जगातले उत्तम डॉक्टर होते. १७ ऑक्टोबरला जखमी झालेला तो माणूस लीगचा पुढचा सामना १४ ऑगस्टला खेळला, आणि मधली युरो स्पर्धा त्यानं स्वतःहून सोडली. पुढच्या त्या हंगामात लिव्हरपूलनं फक्त २६ गोल खाल्ले आणि ९२ गुण घेतले.

माझ्याकडचा एक मुलगा ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात फायनल खेळायला उभा राहिला. तो म्हणाला दुखत नाही, घरचे म्हणाले खेळू दे, आणि मी हो म्हटलं. पंचवीस मिनिटांत तोच गुडघा पुन्हा गेला. त्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा होता. आता तो खेळत नाही. तो हो माझा होता, आणि म्हणून हा निर्णय मुलावर किंवा त्याच्या घरच्यांवर सोडू नका. त्याचे ऑर्थोपेडिक डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्या.

पण त्याला घरी बसवूनही ठेवू नका. जखमी खेळाडू दोन आठवड्यांत संघापासून तुटतो, मोबाइलवर ग्रुपमधले फोटो बघत राहतो. त्याला सरावाला बोलवा, खुर्ची द्या, गोलच्या मागे बसवा. तिथून डिफेन्सची ओळ सगळ्यांत नीट दिसते. हाफटाइमला दोन मिनिटं त्याला नवीन मुलाशी बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका.

तेव्हा या आठवड्यापुरतं एवढं करा. मिडफिल्डर मध्ये, राइट बॅक उजवीकडे, दोन नंबरचा स्टॉपर त्याच्या जागेवर. लाइन दहा मीटर खाली आणि तिच्याबरोबर अख्खा संघ खाली. बोलायचं काम गोलीकडे. दोराचे दोन सराव. रविवारचा निकाल काय लागला त्यापेक्षा गोल कुठल्या बाजूनं आणि कितव्या मिनिटाला बसले, आणि त्या वेळी लेफ्ट बॅक कुठे उभा होता, ते मला कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.